घराच्या किमतीची हमी आणि तिची अखेर

अमेरिकेतील मध्यमवर्गीय कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी बहुधा एकाच ठिकाणी साठलेली असते, ती म्हणजे त्याच्या राहत्या घरात. घर पंचवीस-तीस वर्षांच्या मुदतीच्या कर्जावर घेतलेले असते. हप्ते फिटत जातात तसतसा त्यातला सावकाराचा वाटा कमी होतो आणि कुटुंबाचा वाढतो. मुलांचे उच्च शिक्षण, आजारपण, म्हातारपण या सर्वांची तरतूद म्हणून याच वाढत्या हिश्श्याकडे पाहिले जाते. या घराचा आगीपासून, वादळापासून, चोरीपासून विमा उतरवता येतो. परंतु घर सर्व प्रकारे शाबूत असताना केवळ आसपासच्या वस्तीचा लौकिक बदलला म्हणून त्याची किंमत घसरली, तर ते नुकसान भरून देणारी विमा कंपनी १९७० च्या सुमारास कोठेही सापडली नसती. तशी भरपाई देण्याचे वचन शिकागो शहराच्या परिसरात स्थानिक संस्थांनी दिले. हे वचन कोणत्या परिस्थितीत दिले गेले आणि ते मागे घेण्याची वेळ आली तेव्हा प्रश्न इतका बिकट का ठरला, ते या प्रकरणात पाहावयाचे आहे.

‘वस्तीचा लौकिक बदलणे’ हा शब्दप्रयोग सौम्य आहे. त्यामागचा अर्थ तितका सौम्य नव्हता. गोऱ्यांच्या वस्तीत कृष्णवर्णीय कुटुंबे राहावयास आली की घरांच्या किमती कोसळतात, ही समजूत शिकागोमध्ये दृढमूल होती आणि तिला शासनाचाही आधार होता. १९३४ साली स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने गृहकर्जांना सरकारी हमी देण्यास सुरुवात केली. मात्र कर्जाची जोखीम ठरवताना वस्तीतील लोकांचा वंश हा एक निकष मानला. कृष्णवर्णीयांच्या आणि मिश्र वस्त्यांना या हमीचा लाभ जवळजवळ मिळालाच नाही. कर्ज मिळेना म्हणून गिऱ्हाईक मिळेना, गिऱ्हाईक मिळेना म्हणून किमती उतरत, आणि किमती उतरल्या की मूळची समजूत खरी ठरल्यासारखे वाटे.

या समजुतीवर एक धंदाच उभा राहिला. तिकडे त्याला ‘ब्लॉकबस्टिंग’ म्हणत, म्हणजे गल्ली फोडणे. दलाल एखाद्या गल्लीत एक घर कृष्णवर्णीय कुटुंबाला विकी आणि मग उरलेल्या घरांच्या दारोदार फिरून ‘आज विकाल तर इतके तरी मिळतील, उद्या तेही नाही’ असे सांगे. रात्रीअपरात्री दूरध्वनी येत. घाबरलेल्या मालकाकडून घर पडत्या भावाने घ्यावयाचे आणि ज्याला दुसरीकडे घर मिळत नाही अशा कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला ते चढ्या भावाने विकावयाचे, असा हा दुहेरी व्यवहार होता. अनेकदा विक्रीही हप्तेबंदीच्या कराराने होई. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर दलालाच्याच नावावर राही आणि एखादा हप्ता चुकला तरी तोवर भरलेले सर्व पैसे बुडत. १९६२ साली ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात शिकागोच्या एका दलालाने टोपणनावाने आपल्या धंद्याची कबुलीच दिली होती. तिच्यावरून दिसते ते असे की, किंमत पाडणारा नवा शेजारी नसून जुन्या शेजाऱ्याच्या मनातील भीती होती, आणि ती भीती पिकवून विकणारे लोक वेगळेच होते.

शिकागोच्या पश्चिम सीमेवरील ऑस्टिन या भागात हे सर्व अत्यंत वेगाने घडले. १९६० साली तेथे जवळजवळ सर्व रहिवासी गोरे होते. १९७० साली लोकसंख्येचा सुमारे एक-तृतीयांश भाग कृष्णवर्णीय होता, तर १९८० साली सुमारे तीन-चतुर्थांश. ऑस्टिन बुलेव्हार्ड नावाचा रस्ता ओलांडला की ओक पार्क लागते. ओक पार्कला कायद्याच्या भाषेत ‘व्हिलेज’ म्हणत असले तरी ते खेडे नव्हे. पन्नास हजारांहून अधिक वस्तीची ती एक स्वतंत्र नगरपालिका आहे. अर्नेस्ट हेमिंग्वे यांचा जन्म येथला आणि वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी बांधलेली अनेक घरेही येथली. रस्त्याच्या पलीकडचे वादळ आता अलीकडे येणार, यात ओक पार्कच्या रहिवाशांना शंका नव्हती.

येथील नगरपालिकेने वादळाला दार बंद केले नाही. १९६८ साली तिने घरांच्या विक्रीत आणि भाड्यात वंशभेद करण्यास मनाई करणारा स्थानिक कायदा केला. १९७२ साली रॉबर्टा रेमंड यांच्या पुढाकाराने एक गृहनिवास केंद्र उघडले गेले. नव्याने येणाऱ्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना गावाच्या सर्व भागांत घरे दाखवून कोणत्याही एका गल्लीत एकाच वंशाची दाटी होऊ नये, असा त्याचा प्रयत्न असे. नव्या नगरभवनासाठी जागा निवडली तीही गावाच्या पूर्व भागात, म्हणजे ज्या बाजूला भीती अधिक होती तेथे. नगरपालिका स्वतःच तिकडे ठाण मांडून बसणार, तर तुम्ही का पळता, असा तो मूक प्रश्न होता.

तरीही घरमालकाच्या मनात एक हिशेब उरतोच. ‘माझे विचार उदार आहेत, पण शेजारी पळाले तर माझी पुंजी जाईल.’ या हिशेबाला उत्तर म्हणून १९७७ साली ओक पार्कने घरकिंमत हमी योजना मंजूर केली आणि पुढच्या वर्षापासून ती अमलात आली. योजना सोपी होती. मालकाने शुल्क भरून घराचे मूल्यांकन करून घ्यावे व नोंदणी करावी. नोंदणीनंतर पाच वर्षांनी किंवा त्याहून उशिरा घर विकताना मूल्यांकनापेक्षा कमी किंमत आली, तर तुटीच्या ८० टक्के रक्कम नगरपालिका देईल. समजा, मूल्यांकन ६०,००० डॉलर होते आणि घर ५०,००० ला गेले, तर मालकाला ८,००० डॉलर मिळावयाचे आणि २,००० चा तोटा त्याने सोसावयाचा. हा उरलेला पाचवा हिस्सा मुद्दाम ठेवला होता. सगळाच तोटा दुसरा भरणार असेल तर विकणारा घासाघीस कशाला करील? पाच वर्षांची अटही तशीच हेतुपूर्वक होती. घबराट ही काही महिन्यांची असते. माणूस पाच वर्षे थांबला की ती बहुधा ओसरलेली असते.

या योजनेखाली ओक पार्कला भरपाई म्हणून एकही डॉलर द्यावा लागला नाही. नोंदणीही फार थोड्यांनी केली. याचे श्रेय किती हमीला, किती गृहनिवास केंद्राला आणि किती गावाच्या सुंदर घरांना, याची वाटणी करणे कठीण आहे. एक गोष्ट मात्र योजनेची प्रशंसा करणारे सहसा सांगत नाहीत. हमी डॉलरच्या आकड्यात होती, डॉलरच्या खऱ्या मोलात नव्हती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत महागाई इतकी वाढली की १९८० साली तिचा दर १३ टक्क्यांच्या पुढे गेला. अशा काळात घराची किंमत खऱ्या अर्थाने उतरली तरी आकड्यात ती चढतच राहते. पाच वर्षांपूर्वीच्या आकड्याच्या खाली ती जाणे दुर्मीळ. म्हणजे हमीचे संरक्षण काही अंशी महागाईनेच केले. पण हे संरक्षण लोकांना दिसत नव्हते. दिसत होते ते नगरपालिकेचे प्रमाणपत्र, आणि भीतीवर औषध म्हणून त्या कागदाचा उपयोग झाला असेल तर तोही उपयोगच म्हणावयास हवा.

ओक पार्कचा आदर्श घेऊन शिकागो शहराच्या वायव्य आणि नैर्ऋत्य भागांतील संघटनांनी १९८० च्या दशकात हीच मागणी केली. पण शिकागोची परिस्थिती निराळी होती. येथे राहणारे लोक ओक पार्कसारखे सुखवस्तू व्यावसायिक नव्हते. विटांच्या बैठ्या बंगल्यांच्या रांगांमधून पोलिश, आयरिश, लिथुएनियन, इटालियन वंशाचे कारागीर, कामगार आणि शहराचे नोकर राहत. पोलीस आणि अग्निशामक दलाच्या नोकरांना शहराच्या हद्दीतच राहणे बंधनकारक होते. तेव्हा उपनगरात पळून जाण्याचा मार्ग त्यांना नोकरी सोडल्याखेरीज खुला नव्हता. शिवाय या भागांचा इतिहासही विसरता येण्याजोगा नव्हता. नैर्ऋत्य भागातील मार्केट पार्क येथे ५ ऑगस्ट १९६६ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मोर्चावर जमावाने दगडफेक केली होती आणि एक दगड स्वतः किंग यांच्या डोक्याला लागला होता.

त्यामुळे योजनेवरचा वाद तीव्र झाला. हॅरल्ड वॉशिंग्टन हे १९८३ साली शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून आले होते. कृष्णवर्णीय नगरसेवकांचा आक्षेप असा की, या हमीचा पायाच अपमानकारक आहे. आग आणि वादळ यांच्या यादीत आमचे शेजारी येणे घालावयाचे आणि त्यावर सरकारी शिक्का मारावयाचा, हे कसे चालेल? पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे की, योजना कोणाला दूर ठेवत नाही. नव्याने आलेल्या कृष्णवर्णीय मालकालाही तीच हमी मिळेल, आणि जुना मालक घाबरून पळाला नाही तरच मिश्र वस्ती टिकेल. दोन्ही बाजू आपापल्या जागी खरे बोलत होत्या, आणि म्हणूनच तडजोड होईना. १९८७ च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टन यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने घरकिंमत हमीचा कायदा केला आणि त्याखाली शिकागोत तीन हमी-क्षेत्रे अस्तित्वात आली.

ओक पार्कपेक्षा हा कायदा दोन बाबतींत वेगळा होता. एक तर येथे तुटीच्या ८० टक्क्यांऐवजी पूर्ण भरपाईचे वचन होते. दुसरी बाब अधिक महत्त्वाची. निधी उभा करण्यासाठी त्या त्या क्षेत्रातील घरांवर एक छोटा जादा कर बसवण्यात आला. तो नोंदणी करणाऱ्यांनाही भरावा लागे आणि न करणाऱ्यांनाही. एका घरामागे ही रक्कम किरकोळ असल्यामुळे कर भरणाऱ्या पुष्कळांना आपण तो कशासाठी भरतो हेच ठाऊक नसे. कारभार पाहण्यासाठी प्रत्येक क्षेत्राला स्वतंत्र आयोग मिळाला.

वर्षे लोटली. नैर्ऋत्य भागातील गेज पार्क, शिकागो लॉन यांसारख्या वस्त्यांत लॅटिन अमेरिकी वंशाची कुटुंबे मोठ्या संख्येने आली. ज्यांच्या भीतीपोटी कायदा झाला त्या पिढीतील पुष्कळजण निवृत्त झाले, वारले किंवा दुसरीकडे गेले. किमती कोसळल्या त्या भलत्याच कारणाने. २००६ नंतरच्या काही वर्षांत शिकागो परिसरातील घरांच्या किमती एक-तृतीयांशाहून अधिक उतरल्या. त्याचे कारण समोरच्या घरात आलेले कुटुंब नव्हते, तर देशभरातील सावकारी संस्थांनी बेजबाबदारपणे वाटलेली कर्जे होते. इकडे वायव्य क्षेत्राच्या निधीत मात्र, कर येत राहिल्यामुळे आणि दावे अगदी थोडे आल्यामुळे, कित्येक दशलक्ष डॉलर साचले. भीती गेली, पण तिच्यासाठी जमवलेला पैसा आणि तो सांभाळणारा आयोग राहिला. २०२० नंतरच्या काळात ही योजना गुंडाळून टाकावी, अशी मागणी उघडपणे होऊ लागली.

पैसा आहे आणि गरज नाही, तर योजना बंद करण्यात अडचण कोणती, असे वाचकास वाटेल. अडचणी तेथूनच सुरू होतात.

पहिली अडचण दिलेल्या शब्दाची. नोंदलेल्या प्रत्येक मालकाने शुल्क भरले आहे आणि त्याला हमी मिळाली आहे. हा करारच झाला. करारातून उद्भवलेली बंधने राज्यांनी कायदा करून ढिली करू नयेत, असे अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात सांगितले आहे. त्यातून या हमीचे स्वरूप असे की पाच वर्षांपूर्वी ती वापरता येत नाही, पण पाच वर्षांनंतर ती कधी संपेल हे मालकाच्या मर्जीवर आहे. तो तीस वर्षे त्याच घरात राहिला तर हमीही तीस वर्षे जिवंत राहावयाची. हिशेबाच्या दृष्टीने मात्र सर्व हम्या सारख्या नाहीत. १९९० साली नोंदलेल्या घराचा आकडा आज इतका लहान झाला आहे की त्यापोटी काही द्यावे लागेल असे मानण्याचे कारण नाही. भाव शिखरावर असताना ज्यांनी नोंदणी केली, त्यांची हमी खरी जोखमीची. म्हणून शहाणपणाचा क्रम असा ठरतो की, आधी नवी नोंदणी थांबवावी, मग कराची आकारणी थांबवावी, जुन्या नोंदणीदारांना शुल्क परत देऊन करारातून मोकळे होण्याची संधी द्यावी आणि जे मोकळे होणार नाहीत त्यांच्यापुरता निधी राखून ठेवावा.

किती राखावा? येथे दुसरी अडचण आहे, आणि ती विम्याच्या मुळाशी जाते. हजार घरांचा आगीचा विमा उतरवला तर एका वर्षात दोन-चार घरे जळतील. सगळी एकाच दिवशी जळणार नाहीत, म्हणून थोडा निधी पुरतो. वस्तीतील घरांच्या किमतींचे तसे नाही. त्या घसरल्या तर सगळ्या एकदम घसरतात आणि ज्या घरांवरून कर गोळा करावयाचा त्यांचेही मूल्य त्याच वेळी उतरते. त्यामुळे असा निधी सामान्य काळात भलताच मोठा दिसतो आणि खऱ्या संकटात भलताच अपुरा ठरतो. ‘गरजेपुरती शिल्लक’ असा आकडा येथे नाहीच. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज शहरात २००२ साली निघालेल्या योजनेने निराळी वाट शोधली होती. तिच्या रचनेत येल विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट शिलर यांचा सहभाग होता. मालकाने संरक्षित किमतीच्या दीड टक्का शुल्क एकदाच भरावयाचे, आणि भरपाई त्याच्या एका घराच्या विक्रीवरून नव्हे तर त्या टपालविभागातील घरांच्या भावाच्या निर्देशांकावरून ठरावयाची. त्यामुळे घराची हयगय करून किंवा मुद्दाम स्वस्तात विकून भरपाई उपटण्याचा मोह राहत नाही. पण सगळ्यांचे नुकसान एकदम होण्याचा धोका याही योजनेत तसाच राहतो.

तिसरी अडचण सर्वांत कठीण. उरलेला पैसा कोणाचा? नोंदणीदारांचा म्हणावा तर बराचसा निधी नोंदणी न केलेल्यांच्या करातून आला. आजच्या घरमालकांना समान वाटावा, तर गेल्या वर्षी घर घेतलेल्या माणसाला दुसऱ्याने भरलेल्या तीस वर्षांच्या कराचा लाभ मिळतो. जुन्या करदात्यांना परत करावा म्हटले तर त्यांना शोधावयाचे कोठे? कोणी फ्लॉरिडात, कोणी ॲरिझोनात, कोणी दफनभूमीत. परत न करता घरदुरुस्तीसाठी स्वल्प व्याजाने कर्जे द्यावीत, किंवा ज्यांचा मालमत्ता कर थकल्यामुळे घर जाण्याची पाळी आली आहे त्यांना मदत करावी, असेही पर्याय आहेत. वस्ती टिकवणे हाच मूळ हेतू होता असे मानले तर हे पर्याय त्या हेतूच्या अधिक जवळचे आहेत. पण मग योजना संपली असे म्हणता येत नाही, तिने केवळ नाव बदलले असे होते. ज्यांनी एका कारणासाठी कर दिला त्यांना न विचारता तो दुसऱ्या कारणासाठी वापरणे, यावरही आक्षेप येणारच. जी गोष्ट रहिवाशांच्या मागणीवरून आणि त्यांच्याच करावर उभी राहिली ती आयोगाच्या एका ठरावाने मोडण्याऐवजी त्या भागातील मतदारांचा कौल घेऊन मोडणे अधिक योग्य, असे म्हणावे लागते ते यामुळेच.

योजना गुंडाळण्याच्या बाजूने दिले जाणारे आणखी एक कारण पैशाचे नाही. या कायद्याचा उगम कशात आहे हे पुढच्या पिढीला कळले तेव्हा अनेकांना लाज वाटली. आपल्या करपावतीवरील एक ओळ आपल्याच आजच्या शेजाऱ्यांविरुद्धच्या विम्याची होती, हे त्यांना रुचले नाही. वॉशिंग्टन यांच्या काळात कृष्णवर्णीय नगरसेवकांनी घेतलेला आक्षेपच आता त्या भागातील करदात्यांच्या तोंडी आला. याउलट काही वृद्ध मालक अजूनही त्या प्रमाणपत्राला जपतात. नोंदणीचा दिनांक, घराचा पत्ता आणि मूल्यांकनाचा आकडा एवढेच त्यावर असते. दावा करावयाचा झाला तर आयोगाकडे मूळ मूल्यांकनाचे कागद असावे लागतात. म्हणून योजना बंद करताना कराची शेवटची आकारणी आणि शिलकेचा शेवटचा हिशेब यांच्याबरोबर हे कागद कोणत्या कार्यालयात आणि किती वर्षे जपून ठेवावयाचे, तेही लेखी ठरवून ठेवावे लागते.